देवमनरावांच्या मशीनचा ताप

रिठद,
गुरुवार, दि. २ मे १९७४

आदरणीय देवमनराव यांस,
तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा जानराव मास्तर याचा सप्रेम जयभीम पोचावा.

इकडे सर्व खुशाल. म्हणजे माणसं खुशाल आहेत, मशीनचं पुढे सांगतो. गोमतीवहिनींचे गुडघे आता कसे आहेत? उन्हाळ्यात गुडघे कमी दुखतात म्हणे, तेवढा तरी या उन्हाचा उपयोग व्हावा. तुमची तब्येत विचारायची मला सोय नाही, कारण अंजनाच्या साखरपुड्यापासून, त्या साक्षगंधाच्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, आणि अबोला धरलेल्या माणसाकडून तब्येतीचं उत्तर मागणं म्हणजे त्याचा अबोला मोडायला लावणं झालं. तरी रीत म्हणून विचारतो. कशी आहे?

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करतो. तुम्ही अंजनाच्या लग्नाला यावं म्हणून हे पत्र लिहीत नाही. तो विषय तुम्ही निरोप पाठवून बंद केलेला आहे आणि आम्हीही तो बंद धरला आहे. सोमवारी बुद्धपौर्णिमेला मानोऱ्याहून वऱ्हाड येईल, तुमची सख्खी भाची पांढरं लुगडं नेसून दारात उभी राहील, आणि तिला हाताला धरून मांडवात आणायचा मान ज्याचा, तो मामा तिकडे रिसोडला आपल्या दुकानात पंख्याखाली बसलेला असेल. हे सगळं आम्ही पचवलं आहे. (पंचफुलेने पचवलेलं नाही. परवा शेवया वाळत घालताना ती डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात. उन्हात वाळणाऱ्या शेवयांचा धूर मी तरी पाहिलेला नाही, पण लग्नघरात बायकोशी वाद घालू नये.) तर हे पत्र निव्वळ तुमच्या लाउडस्पीकरच्या मशीनबद्दल आहे.

तुमचा राग मशीनवरूनच सुरू झाला हे मला मान्य आहे. साक्षगंधाला तुम्ही स्वतः ती घेऊन आलात, लिंबावर भोंगा बांधलात, माईक हातात धरून पाहुण्यांसमोर बोलायला उभे राहिलात, आणि तेवढ्यात तिच्या पोटातून घुर्र आवाज निघाला, मग भोंग्याने अशी शिट्टी मारली की मानोऱ्याच्या एका म्हाताऱ्याने दोन्ही कानांत बोटं घातली, आणि जळकट वास आला. मी पेटीला हात लावून पाहिला, तर चुलीवरच्या तव्यालाही लाज वाटेल अशी तापलेली. मी वायर ओढून काढली. दुसरं काय करणार? मी प्राथमिक शाळेचा मास्तर आहे, आग लागण्याआधी विझवावी असं मुलांना शिकवतो. पण तुमचं तोंड उघडंच राहिलं, आवाज गेला, मानोऱ्याकडच्या कोणीतरी फिसकन हसलं, आणि तुम्ही माईक खाली ठेवून न जेवता निघून गेलात. जाताना म्हणालात, जवाईनं चार लोकांत माहा आवाज बंद केला. मी मशीन बंद केली होती, देवमनराव. पण ते तुम्हाला सांगायला तुम्ही थांबला नाहीत.

असो. तरीही तुम्ही लग्नासाठी मशीन पाठवलीत. तुमच्या जीपवाल्या भाऊसिंगाने ती उतरवली आणि तुमचा निरोप तुमच्याच आवाजात, हातवाऱ्यांसकट, सगळ्या वस्तीसमोर सांगितला: "मशीन माही, मानूस माहा नाही. वाजवा अन् वापस करा. खोळ काढाची नाही, नाव दिसलं पायजे. अन् जवाईले सांगजो, आता कितीक खेप बंद कराची ते करा." भाऊसिंगाला हा निरोप एवढा आवडला की पाणी पिऊन झाल्यावर त्याने तो पुन्हा एकदा सांगितला. पंचफुलेचं म्हणणं, दादानं मशीन पाठवली म्हणजे अर्धा राग गेला. मला वाटतं, उरलेला अर्धा तुम्ही त्या पेटीत भरून पाठवला आहे.

कारण तिला आम्ही ओसरीत स्टुलावर बसवलं, भोंगा बांधला, एक रेकॉर्ड लावून पाहिली. पहिली रेकॉर्ड सुरेख झाली. दुसरीच्या अर्ध्यात पेटीत भुंगा शिरल्यासारखी घूं सुरू झाली. मग तडतड. मग अंजना माईकवर सहज "हालो" म्हणाली आणि तीच शिट्टी निघाली, तीच, साक्षगंधातली! शेजारच्या उकंडरावांच्या गोऱ्ह्याने दावं तोडलं. मी पेटीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. आता कोणताही शहाणा माणूस काय करील? बटण दाबील. माझा हात तिकडे गेलासुद्धा होता, पण पंचफुला स्वयंपाकघरातून धावत आली आणि ओरडली, "हात नोका लावू! पुन्हा बंद केली तं दादाले काय सांगू मी?" तुमच्यापर्यंत बातमी पोचणार यात शंका नव्हतीच. आमच्या वस्तीतल्या हिरीबाईची लेक तुमच्या दुकानामागेच दिली आहे, आणि रिठदमध्ये सकाळी कोणी शिंकलं तर दुपारच्या एसटीने रिसोडात सर्दी पोचते.

म्हणजे माझी परिस्थिती पाहा. मशीन चालू ठेवावी तर ती जळणार, आणि तुमची मशीन जाळली हा ठपका. बंद करावी तर पुन्हा तुमचा आवाज बंद केला हा ठपका. मी सूप आणलं आणि वारा घालू लागलो. माझा हात भरून आला की अंजना घाली. लग्न आठवड्यावर आलेली मुलगी, तिच्या मैत्रिणी हाताला मेंदी लावायला आलेल्या, आणि ही बसली आहे मामाच्या मशीनला वारा घालत. तिला म्हटलं, बाई तू ऊठ, तर म्हणाली, मामाची आहे, मीच घालते. शेवटी लाइट गेली. लाइट गेल्याचा एवढा आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता, कारण ते बंद होणं माझ्या नावावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उकंडराव आले. गोऱ्हा शोधून आणावा लागल्यामुळे ते थोडे चिडलेलेच होते, पण यंत्राचा विषय निघाला की त्यांचा राग उतरतो. (त्यांच्या विहिरीवर ऑइल इंजिन आहे, त्यामुळे शिवणयंत्रापासून विमानापर्यंत सगळं त्यांना कळतं.) त्यांनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कान लावला आणि विचारलं, "हिच्यात पानी कुठून टाकता?" मी म्हटलं, हिच्यात पाणी टाकत नसतात. ते म्हणाले, "मंग तापन नाही तं काय करन?" आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. वैशाखात जे जे थंड ठेवायचं त्याला ओलं गोणपाट, मग तो माठ असो, टरबूज असो, नाहीतर ऊन लागलेली म्हातारी असो. उकंडरावांनी गोणपाट भिजवून, पिळून (नीट पिळलं नाही, हे मी नंतर सिद्ध केलं) तुमच्या खोळीवरून पेटीला गुंडाळलं. लाइट होतीच. मी आवाज लहान करायला बटणाला हात लावला.

त्यानंतरचं मला उकंडरावांकडून कळलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी "आई" म्हणालो आणि मागच्या मागे पापडांच्या चादरीवर जाऊन बसलो. उडदाचे पापड, लग्नाचे. पंचफुला धावत आली. तिने आधी मशीन पाहिली, मग पापड पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. हा क्रम मी लक्षात ठेवला आहे. माझा उजवा हात संध्याकाळपर्यंत आपला आपण हलत होता, आणि येणारे-जाणारे मी निरोप देतोय असं समजून हात हलवून जात होते.

मग हिरीबाई. तिने मशीनला लांबूनच ओळखलं: ऊन लागलं आहे. रिसोडहून भर दुपारी उघड्या जीपमधून आली, डोक्यावर काही नाही, मग काय होणार? तिने कांदा फोडून पेटीवर ठेवला आणि मूठभर खोळीत सारला. (धम्मात अंधश्रद्धेला जागा नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, कांदा कायची अंधश्रद्धा, कांदा भाजी हाय.) मशीन तापली, कांदा परतला गेला, आणि ओसरीभर असा वास सुटला की मांडवाचे वासे आणणारी माणसं हातपाय धुऊन जेवायला बसली. त्यांना जेवू घालावं लागलं.

शिट्टीचा तेवढा निकाल लागला, आणि तो अंजनाने लावला. भोंग्याचं तोंड ओसरीकडे होतं आणि माईकही त्याच्याच समोर. तिने माईक ओसरीच्या आत, भोंग्याच्या पाठीमागे नेला, आणि शिट्टी थांबली. स्वतःचाच आवाज परत कानात शिरल्यामुळे मशीन किंचाळत होती. पण ताप आणि घुरघुर तशीच. माझ्या डोळ्यासमोर सोमवार उभा राहतो. वंदना चालू आहे, सगळे हात जोडून उभे आहेत, आणि भोंग्यातून घुर्र! मानोऱ्याचे आमचे व्याही माणिकराव सज्जन आहेत, ते काही म्हणणार नाहीत, पण त्यांचे भाऊबंद साक्षगंधाच्या दिवशी हसले ते मी विसरलेलो नाही. ते पुन्हा हसले तर तुमच्या मशीनला हसतील, आणि त्या वेळी उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसाल. मला रात्री झोप नाही. अंगणात बाज टाकून पडतो आणि लाइट नसतानाही मला ती घूं ऐकू येते.

तेव्हा विनंती अशी की तुम्ही लग्नाला येऊ नका, पण मशीन पाहायला या. तिचे जाणकार तुम्हीच. आजाऱ्याला पाहायला माणूस शत्रूच्या घरीसुद्धा जातो. तुम्ही आलात, तिच्या पोटात हात घातलात, आणि नेमकं त्याच वेळी शेजारी लग्न लागलं, तर त्यात तुमचा कमीपणा काही नाही.

पंचफुलेचा तुम्हा दोघांना जयभीम. लोभ आहे की कसं ते तुम्हालाच ठाऊक. असल्यास तो आहे तिथेच राहू द्यावा.

तुमचा,
जानराव

ता. क. पत्र भाऊसिंगाकडे देण्याआधी पंचफुलेने ते वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, खोटं काहून लिहिता? वास्तविक मी एक शब्द खोटा लिहिलेला नाही, फक्त कालची गोष्ट लिहिली नाही. ती आता लिहितो, कारण पंचफुला दारात उभी आहे.

कांदा आणि गोणपाट यांमुळे तुमच्या खोळीची जी दशा झाली ती पाहून पंचफुलेने काल ती काढली आणि धुतली. "दादाचं नाव मयलं," एवढंच म्हणाली. मखमलीची खोळ, वहिनींनी पांढऱ्या रेशमाने भरलेली अक्षरं, ‘देवमन साउंड सर्व्हिस, रिसोड’. ती दोरीवर वाळत होती तोवर मी उघडीच मशीन लावली. एक रेकॉर्ड झाली, दुसरी झाली, रेकॉर्डांची सगळी पेटी संपली. घूं नाही, तडतड नाही. हात लावला तर नुसती कोमट. मागच्या बाजूला जाळी आहे हे मला तेव्हाच दिसलं. इतके दिवस ती मखमलीखाली होती. खोळ वाळली, घातली, थोड्या वेळाने घूं. काढली, घूं बंद. पुन्हा घातली. उकंडराव म्हणाले, "मास्तर, आता बस करा, मशीन कावून राह्यली." तिला घाम येत होता, देवमनराव, आणि आपण तिच्या अंगावर रजई घालत होतो.

खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. साक्षगंधालाही खोळ होतीच. म्हणजे वायर काढली ते बरोबर केलं, माझी बाजू साफ झाली! मी पंचफुलेला म्हटलं, आता लिहितोच तुझ्या दादाला. ती काढलेली खोळ छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "लिहा. अन् नावच काढा म्हना मशीनवरून." मग तिने मला तुमच्या वडिलांचं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मला माहीत नव्हतं. "बानं जनमभर दुसऱ्याची दवंडी पिटली. कोनाची म्हैस हरपली, कोन्या सायबाचा दौरा हाय. सारं गाव आयके. पन बाचं सोताचं बोलनं कोनी उभं राहून आयकलं नाही. दादानं मशीन घेतली तवा वहिनीले म्हने, हिच्यावर नाव आपलं पायजे, अन् पहिलं बोलनं घरच्या कार्यात मी सोता बोलीन." हे ऐकल्यावर माझी बाजू जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. मला तुमचं ते उघडं राहिलेलं तोंड दिसलं. इतके दिवस मी मशीनचंच बोलत होतो.

तर आता असं आहे. मशीन ठणठणीत आहे. खोळ आम्ही मांडवाच्या दारावर ताणून बांधली आहे, वाशीमच्या रस्त्यावरून येणाऱ्यालाही नाव वाचता येतं. मानोऱ्याचं वऱ्हाड तुमच्या नावाखालून आत येईल. हे तुम्हाला पसंत नसेल तर तुम्ही येऊन ती पुन्हा मशीनवर घाला, घुरघुरली तर घुरघुरू दे, धूर निघाला तर निघू दे, मी जागचा हलणार नाही. माफी मात्र मी पत्रात मागणार नाही. चार लोकांत आवाज बंद केला, तर माफीही चार लोकांत, माईकवरूनच मागेन. पण त्यासाठी ऐकणारा समोर पाहिजे.

ता. क. दुसरा. अंजनाने कागद ओढून घेतला आहे. पुढचं अक्षर तिचं, जबाबदारी माझी नाही.

मामा, जयभीम. बाबाले मी सोमवारी वायरीपासून लांब, वाढप्यायच्या देखरेखीवर बसवनार आहे. मशीन चांगली आहे, तिची काळजी नोका करू. पन त्या दिवशी तुमी माईकवर "माही भाची अंजना, हे पोरगी म्हंजे" एवढंच बोलले अन् आवाज गेला. म्या सगळ्यायले इचारलं, पुढचं कोनालेच आयकू आलं नाही. मानोऱ्याच्या लोकायनं तेवढंच आयकलं, ते काय समजत असतीन माह्याबद्दल? मी म्हंजे काय, ते मले बी आयकाचं आहे. तुमी येऊन पुरं सांगा. तवरीक मी मांडवात येत नाही.
— अंजना